शपथ, विवाह आणि अंत्यविधी : आधुनिक भारतातील नास्तिक व अज्ञेयवादी यांचे सार्वजनिक स्थान आणि त्याचे भवितव्य

१. प्रास्ताविक

भारतातील नास्तिक विचाराचा इतिहास प्रायः तत्त्वज्ञानाचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. चार्वाक, जैन आणि बौद्ध यांच्यापासून प्रारंभ करून आगरकर, पेरियार, एम. एन. रॉय यांच्यापर्यंत येणारी विचारपरंपरा आणि तिच्यातील युक्तिवादांचे सामर्थ्य वा दौर्बल्य हा या लेखनाचा नेहमीचा विषय असतो. या मांडणीत एक बाजू उपेक्षित राहते. ईश्वर न मानणाऱ्या किंवा त्याच्याविषयी निश्चित ज्ञान शक्य नाही असे म्हणणाऱ्या व्यक्तीची खरी अडचण वादसभेत होत नाही. न्यायालयात साक्ष देताना, विवाह करताना आणि घरातील मृत व्यक्तीला निरोप देताना ती अडचण उभी राहते. या तीन प्रसंगी समाज व्यक्तीकडे ईश्वराचे नाव मागतो. ते नाव उच्चारणे ज्याला शक्य नाही, त्याला पर्यायी भाषा आणि पर्यायी विधी समाजाने उपलब्ध करून द्यावा की नाही, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून भारतात वेगवेगळ्या रूपांत विचारला गेला आहे.

प्रस्तुत निबंधात या प्रश्नाचा इतिहास मराठी, तेलुगू, तमिळ आणि इंग्रजी या भाषाव्यवहारांतील काही घटनांच्या आधारे मांडला आहे. नास्तिक आणि अज्ञेयवादी यांची समाजातील भावी भूमिका कोणती असेल, याचे उत्तर त्यांच्या संख्येत किंवा त्यांच्या युक्तिवादांत शोधण्यापेक्षा त्यांनी सार्वजनिक जीवनात निर्माण केलेल्या या पर्यायी जागांत शोधणे अधिक फलदायी ठरेल, असे येथील प्रतिपादन आहे.

२. संज्ञेचा प्रश्न

तुलनात्मक अभ्यासात पहिली अडचण शब्दांची येते. ‘नास्तिक’ या शब्दाला भारतीय परंपरेत किमान तीन अर्थ आहेत. पाणिनीच्या अष्टाध्यायीत (४.४.६०) आस्तिक-नास्तिक हे शब्द व्यक्तीच्या मतावरून सिद्ध केले आहेत आणि टीकाकारांनी त्यांचा संबंध परलोकाच्या अस्तित्वाशी जोडला आहे. मनुस्मृतीत नास्तिक म्हणजे वेदांची निंदा करणारा. ईश्वराचे अस्तित्व नाकारणारा हा तिसरा अर्थ आज सर्वाधिक रूढ असला, तरी परंपरेच्या दृष्टीने तो गौण होता. त्यामुळेच वेदप्रामाण्य मानणारी पण जगत्कर्ता ईश्वर न स्वीकारणारी पूर्वमीमांसा आस्तिक दर्शनांत गणली गेली, निरीश्वर सांख्यालाही तेथेच स्थान मिळाले, आणि नैतिक जीवनाचा कठोर आग्रह धरणारे जैन व बौद्ध मात्र नास्तिक ठरले. मराठीत आ. ह. साळुंखे यांनी आपल्या ग्रंथाला ‘आस्तिकशिरोमणी चार्वाक’ असे नाव दिले, त्यामागे या संज्ञांची चौकटच उलटी करण्याचा हेतू स्पष्ट दिसतो.

‘अज्ञेयवाद’ ही संज्ञा मात्र अनुवादाने आली. टी. एच. हक्सले यांनी १८६९मध्ये घडविलेल्या इंग्रजी शब्दाचा तो प्रतिशब्द आहे. अर्थात ही वृत्ती येथे अपरिचित नव्हती. बौद्ध ग्रंथांत उल्लेखिलेला संजय बेलट्ठिपुत्त परलोकाविषयी होकार वा नकार यांपैकी काहीच देत नाही, आणि ऋग्वेदातील नासदीय सूक्ताचा शेवट संशयात होतो. तथापि अज्ञेयवादाला स्वतंत्र सामाजिक ओळख असणे ही आधुनिक घटना होय. युरोपीय भाषांत नास्तिक या शब्दाला विरोधी ध्रुव म्हणून एकेश्वरी चर्च उभे असते. भारतीय भाषांत त्याच जागी वेद, परलोक, ईश्वर, जात आणि कुलाचार यांपैकी काहीही असू शकते. म्हणून ‘तुम्ही नास्तिक आहात काय?’ या एकाच प्रश्नाचा अर्थ पुण्यात, मदुरैत आणि नॉर्दॅम्प्टनमध्ये एक असत नाही.

३. शपथ : ईश्वरसाक्षीपासून प्रतिज्ञेपर्यंत

कंपनी सरकारच्या न्यायालयांत हिंदू साक्षीदाराला गंगाजलाची आणि मुसलमान साक्षीदाराला कुराणाची शपथ घ्यावी लागे. १८४०च्या पाचव्या अधिनियमाने या दोन्ही शपथा दूर करून त्यांच्या जागी गंभीर प्रतिज्ञा आणली. परंतु तिच्या शब्दयोजनेत सर्वशक्तिमान ईश्वराचा उल्लेख कायम राहिला. १८७३च्या शपथ अधिनियमाने शपथेस हरकत असणाऱ्यांना केवळ प्रतिज्ञा करण्याचा मार्ग अधिक मोकळा केला. या बदलांमागे नास्तिकांविषयीची सहानुभूती असल्याचे मानण्याचे कारण नाही. विविध धर्मांच्या साक्षीदारांना एका पद्धतीत बसविण्याची ही प्रशासकीय गरज होती. नास्तिकाला तिचा लाभ झाला तो आनुषंगिक होता.

इंग्लंडमध्ये हाच प्रश्न उघड संघर्षाने सोडविला गेला. १८८०मध्ये नॉर्दॅम्प्टनमधून संसदेवर निवडून आलेले चार्ल्स ब्रॅडलॉ यांनी शपथेऐवजी प्रतिज्ञा करण्याची परवानगी मागितली. ती नाकारण्यात आली. पुढे त्यांनी शपथ घेण्याची तयारी दाखविली, तेव्हा नास्तिकाच्या शपथेला अर्थ नाही म्हणून तीही नाकारण्यात आली. त्यांची जागा पुनःपुन्हा रिक्त झाली आणि मतदारांनी त्यांना पुनःपुन्हा निवडून दिले. १८८६मध्ये त्यांना आपली जागा मिळाली आणि त्यांच्याच प्रयत्नाने १८८८चा शपथ अधिनियम संमत होऊन संसद व न्यायालय या दोन्ही ठिकाणी प्रतिज्ञेचा हक्क मान्य झाला.

या घटनेचा भारताशी असलेला संबंध आनुषंगिक नाही. ब्रॅडलॉ हे हिंदी प्रश्नांचे संसदेतील प्रवक्ते होते आणि १८८९मध्ये मुंबईत भरलेल्या राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनास ते उपस्थित राहिले. आगरकरांचा ‘सुधारक’ तेव्हा सव्वा वर्षाचा होता. १८९१मध्ये ब्रॅडलॉ यांचे निधन झाले तेव्हा लंडनमध्ये कायद्याचा अभ्यास करणारे मोहनदास गांधी त्यांच्या अंत्यसंस्काराला गेले होते. आत्मचरित्रात त्यांनी हा प्रसंग नोंदविला आहे. चाळीस वर्षांनी, डिसेंबर १९३१मध्ये लोझान येथे ‘ईश्वर हे सत्य आहे’ या आपल्या विधानाऐवजी ‘सत्य हाच ईश्वर आहे’ असे आपण का म्हणू लागलो, याचा खुलासा करताना गांधीजींनी ब्रॅडलॉ यांचे नाव घेतले. ईश्वर नाकारणारा माणूसही सत्य नाकारत नाही, या निरीक्षणावर त्यांचा हा बदल आधारलेला होता. एका नास्तिकाच्या चारित्र्याने एका श्रद्धावंताची ईश्वरविषयक परिभाषा बदलली, असे याचे वर्णन करता येईल.

४. संविधान सभेतील एक मतदान

शपथेच्या प्रश्नाची राष्ट्रीय पातळीवरील परिणती १७ ऑक्टोबर १९४९ रोजी संविधान सभेत झाली. मध्य प्रांत व वऱ्हाडातून आलेले सदस्य ह. वि. कामत यांनी उद्देशपत्रिकेचा आरंभ ईश्वराच्या नावाने व्हावा अशी दुरुस्ती सुचविली. तिच्यावरील चर्चा त्रोटक असली तरी अर्थपूर्ण आहे. आसामचे रोहिणीकुमार चौधरी यांनी शाक्त परंपरेचा हवाला देत देवीचे नाव का नको, असा प्रश्न केला. पूर्णिमा बॅनर्जी यांनी ईश्वराविषयी मतदान करण्याचा अवघड प्रसंग सभेवर आणू नये अशी विनंती केली. हृदयनाथ कुंझरू यांनी या दुरुस्तीत श्रद्धास्वातंत्र्याचा संकोच असल्याचे दाखविले. कामत मागे हटले नाहीत; मतदान झाले आणि दुरुस्ती ४१ विरुद्ध ६८ मतांनी फेटाळली गेली.

विरोधात मत देणारे ६८ सदस्य नास्तिक नव्हते. त्यांतील बहुतेक श्रद्धावंत असले पाहिजेत. ईश्वराचे नाव सर्वांवर लादणे हे श्रद्धेलाही शोभणारे नाही, ही त्यांची भूमिका होती. दुसरीकडे, संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीत पदग्रहणासाठी ईश्वरसाक्ष शपथ आणि गंभीरतापूर्वक प्रतिज्ञा हे दोन्ही पर्याय समान दर्जाने ठेवण्यात आले. १९६९च्या शपथ अधिनियमानेही हीच व्यवस्था न्यायालयांत चालू ठेवली. ब्रॅडलॉ यांना सहा वर्षे झगडून जे मिळाले, ते भारतीय प्रजासत्ताकात प्रारंभापासून नियमात समाविष्ट होते. या व्यवस्थेचे वैशिष्ट्य असे की, ती ईश्वर नाकारत नाही आणि त्याची सक्तीही करत नाही. एका अर्थी भारतीय राज्यसंस्थेची अधिकृत भाषा अज्ञेयवादी आहे.

५. विवाह : नकाराच्या घोषणेपासून नव्या विधीपर्यंत

विवाहाच्या क्षेत्रात प्रवास इतका सुलभ झाला नाही. ब्राह्मो समाजातील केशवचंद्र सेन यांच्या प्रयत्नांतून १८७२चा तिसरा अधिनियम आला. त्याखाली विवाह करू इच्छिणाऱ्यांना आपण ख्रिस्ती, यहुदी, हिंदू, मुसलमान, पारशी, बौद्ध, शीख किंवा जैन यांपैकी कोणत्याही धर्माचे अनुयायी नाही, अशी घोषणा करावी लागे. सुधारकांची कोंडी अशी की, ज्यांना केवळ जात ओलांडायची होती त्यांनाही धर्म नाकारावा लागे. आणि ज्यांना खरोखरच धर्म नव्हता, त्यांची ओळख ‘अमुक नव्हे’ या नकारांच्या यादीतूनच सिद्ध होई. १९२३च्या दुरुस्तीने हिंदू, बौद्ध, शीख व जैन यांना या घोषणेतून मोकळीक मिळाली आणि १९५४च्या विशेष विवाह अधिनियमाने ही घोषणा पूर्णतः गेली.

कायद्याच्या बाहेर, समाजात, दुसरी प्रक्रिया चालू होती. जोतीराव फुले यांनी १८७३मध्ये स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाने त्याच वर्षी ब्राह्मण पुरोहिताविना विवाह लावण्यास प्रारंभ केला. फुले नास्तिक नव्हते. ‘निर्मिक’ ही त्यांची जगत्कर्त्यासाठीची संज्ञा आहे. तथापि विधीचे अधिकार वंशपरंपरागत मध्यस्थाकडून काढून वधूवरांच्या परस्परप्रतिज्ञेकडे आणण्याचे कार्य त्यांनी केले. पुढे निरीश्वर विवाह शक्य झाला तो या आधीच मोकळ्या झालेल्या जागेत. तमिळ प्रदेशात ई. वे. रामस्वामी अर्थात पेरियार यांच्या स्वाभिमान चळवळीने १९२८पासून पुरोहित आणि मंत्र यांच्याबरोबर ईश्वरालाही विवाहमंडपातून बाहेर काढले. हार घालणे, अंगठी घालणे आणि उपस्थितांसमोर एकमेकांचा स्वीकार जाहीर करणे एवढाच विधी उरला. भाषण हा त्याचा अविभाज्य भाग होता. मंत्राची जागा व्याख्यानाने घेतली, ही वाङ्मयप्रकाराच्या दृष्टीनेही नोंद घेण्यासारखी घटना आहे.

या विवाहांना विधिमान्यता मिळाली ती सी. एन. अण्णादुराई यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात, हिंदू विवाह अधिनियमात ‘७-अ’ हे कलम घालणाऱ्या मद्रास राज्याच्या दुरुस्तीने, १९६८मध्ये. यात दोन विरोधाभास दडलेले आहेत. पेरियारांपासून १९४९मध्ये वेगळ्या झालेल्या अण्णादुराईंच्या पक्षाने कठोर निरीश्वरवाद सोडून ‘एक कुल, एक देव’ अशी भूमिका घेतली होती. म्हणजे निरीश्वर विवाहाला मान्यता देणारे सरकार स्वतः निरीश्वरवादी नव्हते. दुसरे असे की, ही मान्यता हिंदू विवाह अधिनियमाच्या आत, दोन हिंदूंच्या विवाहासाठी आहे. ईश्वर, मंत्र आणि पुरोहित यांना वगळून झालेला विवाहही कायद्याने हिंदू विवाहच ठरतो.

या दुसऱ्या विरोधाभासाचे परिणाम दूरगामी आहेत. हिंदू विवाह अधिनियमाची व्याप्ती मुसलमान, ख्रिस्ती, पारशी वा यहुदी नसलेल्या व्यक्तींपर्यंत सर्वसाधारणपणे पोहोचते. त्यामुळे हिंदू कुटुंबात जन्मलेल्या नास्तिकाला आपल्या नास्तिक्याची कायदेशीर किंमत सहसा मोजावी लागत नाही. तो हिंदू कायद्यातच राहतो. अन्य समाजांत जन्मलेल्या नास्तिकाची स्थिती तशी नाही. श्रद्धा सोडलेल्या मुसलमान व्यक्तीला वारसाहक्कासाठी धर्माधारित कायद्याऐवजी १९२५चा भारतीय उत्तराधिकार अधिनियम लागू करावा, अशी मागणी करणाऱ्या केरळमधील एका महिलेच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने २०२४मध्ये नोटीस काढली, ती या विषमतेमुळेच. भारतीय नास्तिक्याविषयी सामान्य विधाने करताना ही विषमता विसरून चालणार नाही.

६. सेवाग्राम : एका नास्तिकाचा संवाद

तेलुगू प्रदेशातील गोपराजू रामचंद्र राव ऊर्फ गोरा (१९०२–१९७५) यांचे उदाहरण या संदर्भात विशेष महत्त्वाचे आहे. वनस्पतिशास्त्राचे अध्यापक असलेल्या गोरांना नास्तिक मतांमुळे महाविद्यालयीन नोकरी सोडावी लागली. १९४०मध्ये त्यांनी कृष्णा जिल्ह्यातील मुदुनूर या खेड्यात नास्तिक केंद्र स्थापन केले. १९४७मध्ये ते विजयवाड्याला आणण्यात आले. अस्पृश्यतानिवारण, सहभोजने आणि प्रौढशिक्षण ही त्याची प्रारंभीची कार्ये होती.

१९४४च्या अखेरीस गोरा वर्ध्याजवळील सेवाग्राम आश्रमात गेले. गांधीजींबरोबर झालेल्या त्यांच्या चर्चांची हकिकत ‘ॲन एथिइस्ट विथ गांधी’ या पुस्तकात आहे. १९५१मध्ये ते नवजीवन प्रकाशनाने काढले आणि त्याला किशोरलाल मशरूवाला यांची प्रस्तावना आहे. गांधीविचाराच्या अधिकृत प्रकाशनसंस्थेने नास्तिकाचे पुस्तक काढावे, ही घटना त्या काळाच्या वैचारिक मोकळेपणाविषयी बरेच काही सांगते. गोरांनी मांडलेला मुद्दा तात्त्विक नव्हता. ईश्वरश्रद्धा माणसांना हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती अशा लेबलांत विभागते. अस्पृश्यता घालवायची तर ही लेबले गेली पाहिजेत, असे त्यांचे म्हणणे होते. गांधीजींनी त्यांचे मत स्वीकारले नाही, पण त्यांच्या कार्याचा आदर केला.

या संवादाची कसोटी एका विवाहाने लागली. गोरांची कन्या मनोरमा आणि दलित समाजातील अर्जुनराव यांचा विवाह सेवाग्रामला गांधीजींच्या उपस्थितीत व्हावा असे ठरले. विधीत ईश्वराचे नाव येऊ नये, ही गोरांची अट गांधीजींनी मान्य केली आणि त्या जागी सत्याचे नाव घेण्यास संमती दिली. विवाहापूर्वीच ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींची हत्या झाली. १३ मार्च १९४८ रोजी तो विवाह सेवाग्राम आश्रमातच, ठरल्याप्रमाणे ईश्वराच्या नावाविना, पार पडला. लोझान येथे उच्चारलेल्या सूत्राला सोळा वर्षांनी एका विवाहविधीत प्रत्यक्ष रूप मिळाले.

पेरियार आणि गोरा यांची तुलना येथे उद्बोधक ठरते. पेरियारांनी १९५३मध्ये गणेशमूर्ती जाहीरपणे फोडून श्रद्धेला आव्हान दिले. त्यांचे माध्यम सभा आणि ‘कुडी अरसु’सारखे नियतकालिक होते. गोरांचे माध्यम संवाद आणि सहवास हे होते. पहिल्या मार्गाने मोठा राजकीय समाज घडला, पण सत्तेच्या उंबरठ्यावर ईश्वर परत आला. दुसऱ्या मार्गाने संख्या वाढली नाही, पण कार्याची सलगता टिकली. गोरांचे पुत्र लवणम यांचे नावच १९३०च्या मिठाच्या सत्याग्रहाचे स्मारक आहे. देवतांची नावे टाळून मुलांना नावे देणे हाही पर्यायी विधीचाच एक प्रकार होय. लवणम यांच्या पत्नी हेमलता या विख्यात दलित तेलुगू कवी गुर्रम जाषुवा यांच्या कन्या. या दांपत्याने स्टुअर्टपुरम येथील, ब्रिटिश काळात ‘गुन्हेगार’ ठरविलेल्या समाजाच्या पुनर्वसनाचे आणि जोगिणी प्रथेच्या निर्मूलनाचे काम केले. जाषुवांच्या काव्यातील वेदना आणि नास्तिक केंद्रातील कार्य एका कुटुंबात एकत्र आले, हा योग साहित्य आणि समाजकार्य यांच्या संबंधांच्या अभ्यासकांनी अधिक तपासावा असा आहे.

७. अंत्यविधी : शेवटची परीक्षा

गोपाळ गणेश आगरकर (१८५६–१८९५) यांच्यावर मिल आणि स्पेन्सर यांचा प्रभाव होता. देवतांच्या उत्पत्तीचा शोध मानवशास्त्रीय पद्धतीने घेणारे त्यांचे लेखन मराठी निबंधाला नवे वळण देणारे ठरले. पुण्यातील सनातन्यांनी ते जिवंत असतानाच त्यांची प्रेतयात्रा काढली, ही घटना सर्वपरिचित आहे. तिचा प्रतीकार्थ मात्र पुरेसा लक्षात घेतला गेलेला नाही. विधी नाकारणाऱ्याला समाजाने शिक्षा दिली ती विधीच्याच रूपात. श्रद्धाहीनाला मृत म्हणून घोषित करण्यासाठी अंत्यविधीचे विडंबन वापरण्यात आले. उलट दिशेने पाहिल्यास, अंत्यविधी हेच ते क्षेत्र आहे जेथे नास्तिकाचा स्वतःवरील अधिकार सर्वांत दुर्बल असतो, कारण निर्णय मागे राहिलेल्यांच्या हाती असतो.

जवाहरलाल नेहरू यांचे उदाहरण बोलके आहे. १९५४मध्ये लिहिलेल्या मृत्युपत्रात त्यांनी आपल्या मृत्यूनंतर कोणताही धार्मिक विधी करू नये असे निःसंदिग्धपणे नमूद केले होते. १९६४मध्ये त्यांच्या अंत्यसंस्काराच्या वेळी धार्मिक विधी झाले. देशाच्या पंतप्रधानाची लेखी इच्छा जेथे टिकली नाही, तेथे सामान्य नास्तिकाची स्थिती काय असेल याची कल्पना करता येते. या समस्येवर अलीकडच्या काळात पुढे आलेले उत्तर म्हणजे देहदान. पश्चिम बंगालचे माजी मुख्यमंत्री ज्योती बसू यांचा देह २०१०मध्ये आणि सीताराम येचुरी यांचा देह २०२४मध्ये वैद्यकीय शिक्षणासाठी देण्यात आला. देहदान करणारे सर्वच नास्तिक नसतात. पण नास्तिकाच्या दृष्टीने त्यात विशेष अर्थ आहे. विधी टाळल्याने जी पोकळी निर्माण होते ती येथे एका उपयुक्त कृतीने भरून निघते, आणि ‘दान’ हा पारंपरिक, पुण्यकल्पनेशी जोडलेला शब्द लौकिक अर्थाने पुन्हा रुजतो.

८. गणना आणि तिच्या मर्यादा

२०११च्या जनगणनेत सुमारे २९ लाख व्यक्तींचा, म्हणजे लोकसंख्येच्या ०.२४ टक्के लोकांचा धर्म नोंदविलेला नाही. हे सर्व नास्तिक नाहीत आणि सर्व नास्तिक यांत नाहीत. बहुसंख्य नास्तिकांची नोंद कुटुंबाच्या धर्माखालीच होते. प्यू संशोधन केंद्राच्या २०२१मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणात भारतातील ९७ टक्के लोकांनी ईश्वरावर श्रद्धा असल्याचे सांगितले. मात्र बौद्धांपैकी सुमारे एकतृतीयांश लोकांनी ईश्वर मानत नसल्याचे सांगितले. भारतातील बौद्धांपैकी बहुसंख्य महाराष्ट्रात राहतात आणि १९५६मध्ये नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी केलेल्या धर्मांतराशी त्यांची परंपरा निगडित आहे. आंबेडकरांनी ईश्वर नाकारला, धम्म नाकारला नाही. ईश्वराविना समूह, विधी आणि नीती टिकवून धरण्याचा आधुनिक भारतातील सर्वांत व्यापक प्रयोग नास्तिकांच्या संघटनांनी केला नसून नवबौद्धांनी केला आहे, हे तुलनेच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाचे आहे. ‘धार्मिक’ आणि ‘नास्तिक’ या दोन रकान्यांत तो मावत नाही.

या पार्श्वभूमीवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१४मध्ये दिलेला निर्णय लक्षणीय आहे. आपला कोणताही धर्म नाही असे सांगण्याचा हक्क संविधानाच्या पंचविसाव्या अनुच्छेदातील सद्सद्विवेकबुद्धीच्या स्वातंत्र्यात अंतर्भूत आहे आणि शासन कोणालाही धर्म जाहीर करण्याची सक्ती करू शकत नाही, असे त्यात म्हटले आहे. १८७२मध्ये धर्महीनतेची घोषणा सक्तीची होती. २०१४मध्ये ती हक्क झाली.

९. भावी भूमिका

नास्तिक आणि अज्ञेयवादी यांच्या भावी भूमिकेविषयी या इतिहासातून काही निष्कर्ष निघतात. पहिला असा की, त्यांचे योगदान त्यांच्यापुरते मर्यादित राहत नाही. प्रतिज्ञेचा पर्याय, नोंदणी विवाह आणि धर्म न सांगण्याचा हक्क यांचा लाभ आंतरजातीय व आंतरधर्मीय विवाह करणाऱ्यांना, पुरोहित नाकारणाऱ्या श्रद्धावंतांना आणि अल्पसंख्य पंथीयांनाही होतो. नास्तिक ही सार्वजनिक भाषेची कसोटी असते. त्याला जी भाषा सामावून घेते, ती सर्वांना सामावून घेऊ शकते.

दुसरा निष्कर्ष सहकार्याविषयी आहे. फुले यांचे निर्मिकवादी सुधारकार्य, संविधान सभेतील श्रद्धावंतांची मते, गांधीजींची संमती आणि अण्णादुराईंचा कायदा यांपैकी एकही निरीश्वरवाद्यांचे कार्य नव्हते. श्रद्धावंतांच्या एका भागाची साथ मिळाल्याखेरीज भारतात निरीश्वर जीवनाला जागा मिळालेली नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९मध्ये स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने ईश्वराच्या अस्तित्वाचा वाद बाजूला ठेवून शोषण करणाऱ्या प्रथांवर लक्ष केंद्रित केले, ते याच जाणिवेने. दाभोलकर स्वतः नास्तिक होते. पण २०१३मध्ये महाराष्ट्रात संमत झालेला नरबळी, अघोरी प्रथा आणि जादूटोणा यांच्या प्रतिबंधाचा कायदा ईश्वर मानण्यास वा पूजेस हात लावत नाही. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाल्यानंतर काही दिवसांतच या कायद्याचा अध्यादेश निघाला. २०१५मध्ये गोविंद पानसरे आणि धारवाड येथे एम. एम. कलबुर्गी यांच्याही हत्या झाल्या. कलबुर्गी हे कन्नड वचनसाहित्याचे थोर संशोधक होते. त्यांना नास्तिकांच्या यादीत घालणे योग्य होणार नाही. परंपरेची आतून चिकित्सा करणारा श्रद्धावंत आणि परंपरेबाहेर उभा राहणारा नास्तिक यांना मारेकऱ्यांनी वेगळे मानले नाही, ही बाब दोघांचे भवितव्य परस्परांशी जोडलेले असल्याचे दाखविते.

तिसरा निष्कर्ष आत्मपरीक्षणाचा आहे. ईश्वर नाकारल्याने जात नष्ट होत नाही. उच्चवर्णीय नास्तिकाला मिळालेले शिक्षण, प्रतिष्ठा आणि विवाहसंबंधांचे जाळे श्रद्धात्यागानंतरही त्याच्याकडे राहते. आगरकर आणि आंबेडकर यांच्या नकारांतील अंतर हे तत्त्वज्ञानाचे नसून सामाजिक स्थानाचे आहे. तसेच विवाह आणि अंत्यविधी यांचा भार कुटुंबात प्रामुख्याने स्त्रिया वाहतात. व्रते, सण आणि श्राद्धाचा स्वयंपाक त्यांच्या हातून होतो. पुरुषाच्या नास्तिक्याने हा भार हलका होतो की केवळ त्याचा स्वतःचा सहभाग कमी होतो, हा प्रश्न मराठी बुद्धिवादी वाङ्मयाने पुरेशा गांभीर्याने विचारलेला नाही. सरस्वती गोरा आणि हेमलता लवणम यांच्यासारख्या स्त्रियांच्या जीवनकार्याचा अभ्यास या दिशेने मार्गदर्शक ठरेल.

साहित्याच्या अभ्यासकांसाठी यातून एक स्वतंत्र कार्यक्षेत्र उघडते. आगरकरांचा निबंध, भगतसिंगांनी १९३०मध्ये लाहोरच्या तुरुंगात लिहिलेले आणि पुढे पी. जीवानंदम यांच्या अनुवादामुळे तमिळमध्ये पोहोचलेले नास्तिक्याचे निवेदन, गोरांची संवादात्मक हकिकत, स्वाभिमान विवाहातील भाषणे, सत्यशोधकांची पर्यायी मंगलाष्टके, देहदानाची इच्छापत्रे : हे सारे एका अलिखित वाङ्मयप्रकाराचे घटक आहेत. स्तोत्र, मंत्र आणि शपथ यांना पर्याय म्हणून घडलेली ही भाषा अद्याप विखुरलेली आहे. धर्माने हजारो वर्षांत जन्म, विवाह आणि मृत्यू यांसाठी शब्द सिद्ध केले. त्या तुलनेत निरीश्वर जीवनाची शब्दसंपदा दीडशे वर्षांची आहे. ती समृद्ध होते की नाही, शोकाच्या घरी उच्चारता येतील असे शब्द ती देऊ शकते की नाही, यावर नास्तिक आणि अज्ञेयवादी यांचे समाजातील स्थान मोठ्या प्रमाणात अवलंबून राहील. युक्तिवाद त्यांच्याकडे पूर्वीपासून आहेत, कायद्याने जागाही बऱ्याच अंशी दिली आहे; त्या जागेत राहण्याची भाषा घडविणे हे पुढील पिढ्यांचे कार्य आहे.